खर्चाला गुणू नकोस, शिलकेला गुण

अगं, पहिला महिनाभर तू तिकडे धड काही विकत घेणार नाहीस, हे मला आत्ताच दिसतंय. दुकानात फ्लॉवरचा गड्डा उचलशील, तीन युरो वाचशील, मनात शंभरनं गुणशील आणि गड्डा परत जागेवर ठेवशील. मग खोलीवर येऊन मॅगी. जर्मनीला गेलेल्या आपल्या भागातल्या कितीतरी मुली याच वाटेनं गेल्यात. डिसेंबरपर्यंत वजन उतरलेलं, केस गळायला लागलेले आणि फोनवर आईला मात्र "मस्त चाललंय". आईला ते खरं वाटेल. मला नाही वाटणार, म्हणून तुझ्या बॅगा बांधायच्या आधीच हे बोलून घेते.

गणित तुला माझ्याहून चांगलं येतं. पण भाव काय असतो, हे आपण दोघीही शाळेत नाही शिकलो, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात शिकलो. जुलै २०२३ मध्ये वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलेलं तू पाहिलंस. दोन-तीन महिन्यांत तोच भाव असा कोसळला, की तोडणीची मजुरी निघायची मारामार. टोमॅटो तोच, रानही तेच. एका गावात एका हंगामात भाव एवढा उलटतो, तर जुन्नरचा आणि जर्मनीचा भाव एक असावा, असं आपण धरूनच का चालायचं?

आधी कांद्याचं बोलू, ते आपलं घरचं दुखणं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये फिलिपिन्समध्ये कांदा किलोला सातशे पेसोपर्यंत चढला, म्हणजे आपल्या हजार रुपयांच्या आसपास. पुढच्याच महिन्यात मनिलाच्या विमानतळावर विमान कर्मचाऱ्यांच्या बॅगांतून कांदे आणि फळं मिळून चाळीसेक किलो माल पकडला. दुबई आणि सौदीहून येताना त्यांनी घरच्यासाठी आणला होता! आणि त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, इकडे सोलापूरच्या बाजारात पाचशे किलोहून जास्त कांदा घालून आलेल्या एका शेतकऱ्याच्या हातात हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता दोन रुपयांचा चेक पडला.

तेव्हा तू विचारलं होतंस, "मग आपला कांदा तिकडे का नाही पाठवत?" प्रश्न अगदी बरोबर होता. व्यापाराचं साधं तत्त्व सांगतं, की जिथे स्वस्त तिथे घ्यावं, महाग तिथे विकावं, आणि असं करता करता दोन्हीकडचा भाव जवळ यावा. पण मधे भिंती असतात. फिलिपिन्सच्या सरकारनं आयातीला परवानगी दिली ती उशिरा आणि मोजकीच. कांदा नाशवंत, जहाजाला दिवस लागतात, रोगकिडीचे दाखले लागतात. पुढच्या वर्षी भिंत आपल्याच बाजूनं उभी राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी आली, ती उठली मे २०२४ मध्ये. बंदी लागताच मंचर, ओतूर, आळेफाट्याचा दहा किलोचा भाव खाली बसला आणि बांगलादेशच्या बाजारात कांदा रातोरात भडकला. माल तोच, पण एका कागदानं इथे भाव पडला आणि तिथे चढला. त्याच डिसेंबरात शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला होता, आठवतंय ना? आपल्या बराखीत तेव्हा कांदा होता आणि आबा रोज संध्याकाळी बाजारभावाचा मेसेज दोनदा वाचायचे.

या भिंती आजच्या नाहीत. नाणेघाटात तो मोठा दगडी रांजण आहे बघ, जकातीचा म्हणून दाखवतात तो. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरातला माल बैलांच्या पाठीवर हाच घाट चढून जुन्नरला यायचा. वाहतूक आली, जकात आली, मग कल्याणचा भाव जुन्नरला कसा टिकेल? दोन हजार वर्षांत बैलाच्या जागी कंटेनर आला आणि रांजणाच्या जागी कस्टमचं ऑफिस.

मार्चच्या सुमाराला तुला तिकडच्या दुकानात भारतातली द्राक्षं दिसतील. अर्ध्या किलोचा डबा असेल अडीच-तीन युरोला. लगेच आबांना फोन करून "इथे पाचशे-सहाशे रुपये किलो चाललीत" असं सांगू नकोस. त्यांचं त्या दिवशीचं जेवण जाईल. तो डबा तिथे पोचेपर्यंत त्यावर काय काय चढलंय ते आधी मोज. बागेत विरळणी करून मणी एकसारखा केलेला. प्लॉटची नोंदणी, औषधांच्या अंशांची प्रयोगशाळेत तपासणी. २०१० साली एका वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, तेव्हापासून ही तपासणी आणखी कडक. मग पॅकहाउस, प्री-कूलिंग, न्हावा-शेवा, गार कंटेनर. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दहा-पंधरा दिवस वाढले आणि भाडंही वाढलं. पुढे आयातदार, त्याचं गोदाम, दुकानाचं भाडं, गल्ल्यावरच्या बाईचा पगार आणि ७ टक्के कर. यातले काही जण फुगवून खातात, ते मी नाकारत नाही. पण डब्याची बरीचशी किंमत ही द्राक्षांची नसतेच, ती वाटेची आणि त्या देशातल्या हातांची असते.

आता खरा मुद्दा हातांचाच. २०२३ च्या सप्टेंबरात आयफोन १५ आला, तेव्हा तू सगळीकडचे भाव काढून मला दाखवले होतेस. अमेरिकेत ७९९ डॉलर, जर्मनीत ९४९ युरो, इथे ७९,९०० रुपये. तुझं म्हणणं होतं, आपल्याला लुटतात. मी नंतर बसून कर वजा केले. इथल्या किमतीत १८ टक्के जीएसटी आहे. तो काढला की उरतात ६७,७०० च्या आसपास. तेव्हाच्या ८३ रुपयांच्या दरानं अमेरिकेचे ७९९ डॉलर होतात साधारण ६६,३००, कारण तिथल्या पाटीवर विक्रीकर धरलेलाच नसतो, तो गल्ल्यावर लागतो. जर्मनीत १९ टक्के कर पाटीतच धरलेला असतो. तो काढला की ९४९ चे होतात ७९७ युरो. म्हणजे कर बाजूला ठेवला तर फोन तिन्हीकडे जवळपास त्याच भावाचा. जो माल खोक्यात घालून जगभर फिरतो, त्याचा भाव फार लांब पळू शकत नाही.

आणि केस कापणं? मंचरच्या पार्लरमध्ये शंभर रुपये, तिथे तीस युरो. तीसपट! कात्री तीच, केस तेच, वेळही तेवढाच. पण केस कापणं खोक्यात घालून पाठवता येत नाही. मंचरच्या पार्लरवालीची खुर्ची काही जर्मनीतल्या गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन उभी राहत नाही.

यामागचं कारण १९६४ साली बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, दोघांनी वेगवेगळं लिहून, मांडलं. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यातला कामगार मोठमोठ्या यंत्रांच्या जोरावर तासाभरात इतकं काम उरकतो, की त्याला मोठा पगार परवडतो. न्हाव्याच्या हाताला तसा काही वेग आलेला नाही. पण सलूननं त्याला कारखान्याच्या मानानं फारच कमी दिलं, तर तो उद्या कारखान्यात जाईल. म्हणून त्याचीही मजुरी वर ओढली जाते आणि तुझं केस कापणं महाग होतं. आपल्याकडे नाही का, एमआयडीसीत पोरांना बरे पगार मिळायला लागले तशी खुरपणीची मजुरीही वाढली? बायका शेतात काही दुप्पट वेगानं खुरपत नाहीत.

म्हणून नुसत्या विनिमय दरावर जाऊ नकोस. जागतिक बँकेची आकडेवारी आहे २०१७ ची. तेव्हा डॉलर ६५ रुपयांना मिळत होता, पण अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढं घर चालतं, तेवढंच चालवायला इथे २०.६५ रुपये पुरत होते. ही झाली सरासरी. फोनला हा फरक लागू नाही आणि केस कापण्याला याहून कितीतरी जास्त लागू आहे. सगळं एकाच आकड्यानं गुणायला गेलीस तर दोन्हीकडे फसशील.

मग मोजायचं कशानं? तासांनी मोज. तिथली किमान मजुरी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे. तू शिकता शिकता काम केलंस, तरी निदान एवढं मिळायलाच हवं. इकडे खुरपणीचा रोज चारशे धरू आणि दिवस आठ तासांचा, म्हणजे तासाला पन्नास. हिशेब ढोबळ आहे, पण बघ काय निघतं. दूध तिथे लिटरला एक युरो धर. तुझ्या चार-पाच मिनिटांच्या कामात ते आलं. इथे पिशवीतलं दूध साठ रुपये, म्हणजे आपल्या रानातल्या बाईचा सव्वा तास. दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या तालुक्यात! फोन घेतलास तर तुझे अडुसष्ट-एकोणसत्तर तास, तिचे दोनशे रोज. आणि केस कापायचे, तर तुझे दोन तास आणि तिचेही दोनच तास.

हे पुन्हा एकदा वाच, कारण माझं सगळं सांगणं यातच आहे. जे हातानं होतं ते दोन्हीकडे सारख्याच तासांचं असतं. जे यंत्रानं होतं ते तिथे थोड्या तासांत मिळतं. म्हणून दूध, दही, पाव, बटाटे, अंडी, पास्ता, फ्लॉवर हे बिनधास्त घे, पोटभर खा. तीन युरोचा गड्डा म्हणजे तुझी तेरा मिनिटं. तेरा मिनिटांसाठी उपाशी राहायचं नसतं, बाळा. आणि हातांची कामं शक्य तेवढी स्वतः कर. डबा स्वतः बनव, पँटची झिप स्वतः लाव, केस मैत्रिणीकडून कापून घे. निघण्याआधी आईकडून हातशिलाई शिकून घे, हसू नकोस. दर महिन्याला ती तुझे पैसे वाचवेल.

बॅगेचंही याच हिशेबानं ठरव. चष्मे दोन करून घे, दातांचं राहिलेलं काम उरकून घे, कपडे मापात करून घे. ही सगळी हातांची कामं आहेत, इथे स्वस्त आहेत. लॅपटॉप, हेडफोन, चार्जर यांच्यासाठी इथे धावपळ करू नकोस, फरक किरकोळ पडतो आणि वॉरंटीची कटकट होते. कुकर ने. मसाले ने. तूप मात्र घालू नकोस, आई कितीही म्हणाली तरी. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे पेढेही नाहीत. अवसरी फाट्यावर बनणारं गोवर्धन तूप अमेरिकेतल्या भारतीय दुकानात दिसतं, पण युरोपची दारं आपल्या दुधाच्या मालाला बंद आहेत. तिथलं लोणी घे आणि घरी कढव. छान तूप होतं आणि स्वस्तही पडतं.

भावातला आणखी एक प्रकार आहे, तो ओळखायला शीक. कधी कधी माल तोच असतो, वाहतूक किरकोळ असते, करही सारखा असतो, तरी भाव वेगळा. कारण विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाचा खिसा पाहिलेला असतो. तुझ्या कपाटातल्या जाड इंजिनिअरिंगच्या पुस्तकाचं मलपृष्ठ बघ. भारत आणि शेजारच्या देशांतच विक्रीसाठी, असं छापलेलं असेल. तेच पुस्तक अमेरिकेत कितीतरी जास्त किमतीला. सुपाप किर्तसेंग नावाच्या थायलंडच्या विद्यार्थ्यानं हे हेरलं. घरच्यांना थायलंडमधून स्वस्त आवृत्त्या पाठवायला सांगितल्या आणि अमेरिकेत विकल्या. प्रकाशक कोर्टात गेला. १९ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी विद्यार्थ्याच्या बाजूनं निकाल दिला. कायदेशीररीत्या विकत घेतलेलं पुस्तक पुढे विकायचा हक्क घेणाऱ्याचा, मग ते कुठेही छापलेलं असो. पण त्यानं सगळीकडे पुस्तकं स्वस्त झाली असं समजू नकोस. असा माल इकडून तिकडे वाहू लागला, की स्वस्त आवृत्ती काढण्यातली विकणाऱ्याची गोडीच कमी होते. तू तर पुस्तकं विकत घेऊच नकोस, विद्यापीठाचं ग्रंथालय असतं.

औषधांचं तसंच. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या कृतीला पेटंट मिळायचं, औषधाला नाही. म्हणून आपल्या कंपन्यांनी तीच औषधं दुसऱ्या कृतीनं बनवली आणि स्वस्तात विकली. २००५ पासून औषधालाही पेटंट मिळू लागलं, पण जुन्याच औषधात थोडा बदल करून नवं पेटंट मागायला आपला कायदा सहज वाव देत नाही. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाचं पेटंट याच मुद्द्यावर नाकारलं. तेव्हा मूळ कंपनीचं औषध महिन्याला लाखाच्या वर होतं, इथे बनलेलं आठ-दहा हजारांत. गोळी बनवायचा खर्च दोन्हीकडे थोडाच, फरक आहे तो कायद्याचा. तिथे तुझा आरोग्य विमा असेलच, तो सक्तीचा आहे. तरी तुझी नेहमीची औषधं काही महिन्यांची घे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन.

आता पैशाचं जरा नाजूक बोलते. नोकरी लागली की गावात तुझा पगार कुणीतरी शंभरनं गुणणार. "महिन्याला तीन लाख" हा आकडा पारावर पोचायला एक दिवसही लागणार नाही. मग उसनवारी, मग लग्नाच्या अपेक्षा, मग आबांवर गावजेवणाचा आग्रह. आकडा तू सांगूच नकोस. विचारलंच कुणी, तर भाडं, विमा, कर वजा जाऊन हातात काय राहतं ते सांग. खर्च जर तू तिथल्या तासांत मोजतेस, तर पगारही तिथल्याच तासांत मोजायला हवा. खर्च युरोत आणि पगार रुपयांत, असं सोयीचं गणित लोक करतात, आपण नाही करायचं.

एकच गोष्ट मात्र खुशाल शंभरनं गुण. महिन्याच्या शेवटी जी शिल्लक राहील ती. कारण शिल्लक इथे येणार आहे, बँकेच्या कर्जात जाणार आहे आणि तो हप्ता रुपयांत आहे. तिथे वाचवलेले शंभर युरो तिथे विशेष काही नसतात, एक-दोन जणींचं बाहेरचं जेवण आणि थोडी खरेदी. इथे आले की ते दहा हजार होतात आणि दहा हजारांनी कर्जाचा डोंगर खरोखर हलतो. म्हणून भाजी घेताना हात आखडायचा नाही, आणि पंचवीस युरोचं जेवण ताटात येताना मात्र विचार करायचा, की हे माझे दोन तास आहेत, कुणाच्यातरी हातांचे पैसे आहेत आणि तेच काम मला स्वतःला येतं.

सुरुवातीला तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरोच सुटणार आहेत. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्रात लगेच कामामागे लागू नकोस, अभ्यास बसू दे. त्या ९९२ मध्ये भाडं आणि विमा गेला की किती उरतं ते पाहून आठवड्याचा आकडा ठरव. पाटीवर मोठ्या किमतीखाली बारीक अक्षरात किलोचा भाव छापलेला असतो, तोच वाच. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात, रिकामी बाटली परत देऊन ती सोडवून आण. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी भाजी आणायला विसरलीस तर स्टेशनवरच्या दुकानाचा भाव तुला आणखी एक धडा देईल.

आणि पहिला महिना एक वही ठेव. तीन रकाने कर. वस्तू, युरो आणि तुझी मिनिटं. चौथा रुपयांचा रकाना काढायचाच नाही. महिना संपला की त्याचा फोटो मला पाठव. पुढच्या वर्षी आपल्या भागातल्या आणखी मुली निघतील, त्यांना मी ती यादी देईन. तोवर युरोचे आकडे जुने झालेले असतील, पण मिनिटांचा रकाना त्यांनाही उपयोगी पडेल.